हजीऱ्यात शिक्षक व्हायचंय? आधी इयत्ता ठरवा

धुळे, जळगाव, नंदुरबारकडून लग्न होऊन सुरतजवळच्या हजीरा पट्टीत, इच्छापोर, कवास, मोरा भागात राहायला आलेल्या कितीतरी मुलींच्या कपाटात डी.एड.ची नाहीतर बी.एड.ची गुणपत्रिका नुसती पडून असते. नवरा कंपनीत शिफ्टला जातो, मूल बालवाडीत जायला लागतं, आणि मग प्रश्न पडतो: इथे गुजरातेत माझं हे शिक्षण चालेल का? शेजारीण म्हणते, गुजराती आल्याशिवाय काही होत नाही. कुणी सांगतं, खासगी शाळेत काही लागत नाही, इंग्रजी बोलता आलं की झालं. क्लासवाले म्हणतात, आधी फी भरा, पुढचं आम्ही बघतो. या तिन्ही सल्ल्यांत थोडं थोडं खरं आहे, आणि म्हणूनच ते जास्त फसवतात.

हा लेख या मुलींसाठी आहे. सुरतेतच वाढलेल्या, बारावी किंवा पदवी हातात घेऊन पुढचं ठरवणाऱ्या मराठी मुलामुलींसाठीही आहे. सांगायचं मुख्य एकच: परीक्षेचा अर्ज भरण्याआधी आपण कोणत्या इयत्तेला शिकवणार ते पक्कं करा. इयत्ता ठरली की पदविका करायची की बी.एड., कोणता पेपर द्यायचा, कोणत्या शाळेचं दार ठोठावायचं, हे बरंचसं आपोआप ठरतं. बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. मैत्रिणीने बी.एड.ला प्रवेश घेतला म्हणून आपणही घेतात, आणि दोन वर्षांनी कळतं की मनात होती ती तिसरी-चौथीची मुलं या पदवीवर आपल्याला मिळणारच नाहीत. चांगली, कष्टाळू मुलं अशी अडकतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण ही माहिती त्यांना वेळेवर मिळणं अजिबात अवघड नव्हतं.

कोणत्या इयत्तेला काय लागतं

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यातल्या कलम २३ प्रमाणे शिक्षकाची किमान पात्रता ठरवण्याचं काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे, म्हणजे एनसीटीईकडे आलं. परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांची पात्रता घालून दिली आणि तिच्यात शिक्षक पात्रता परीक्षा, आपली टेट, आली. ही पात्रता देशभर एकच आहे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त अध्यापक विद्यालयातून केलेली दोन वर्षांची डी.एड., जिला आता डी.एल.एड. म्हणतात, ती गुजरातेतही पात्रता म्हणून धरली जाते. गुजरातेत याच अभ्यासक्रमाला बोलण्यात आणि कागदावर पीटीसी म्हणतात. जाहिरातीत पीटीसी वाचलं म्हणून आपण बाद झालो असं समजून पान उलटू नका.

पहिली ते पाचवीसाठी बारावीला ५० टक्के, दोन वर्षांची डी.एल.एड. आणि टेटचा पहिला पेपर असा सरळ रस्ता आहे. बी.एड. इथे चालत नाही. मधली काही वर्षं ती चालत होती: परिषदेने २८ जून २०१८ रोजी बी.एड.वाल्यांनाही प्राथमिकला वाट करून दिली होती. राजस्थान उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. लहान मुलांना अक्षर-अंक शिकवण्याचं कौशल्य वेगळं असतं आणि ते पदविकेतच शिकवलं जातं, हे त्यामागचं कारण. मला हे कारण पटतं. ‘क’ला काना दिला की ‘का’ होतं हे पहिलीतल्या पोराच्या गळी उतरवणं एखादा हुशार एम.एस्सी.वाला सहज करू शकेल असं मानणं, हा त्या पोरावर अन्याय आहे. तेव्हा यूट्यूबवरचा २०२१ चा व्हिडिओ पाहून बी.एड.च्या जोरावर पहिल्या पेपरची फी भरू नका.

सहावी ते आठवीसाठी पदवी आणि डी.एल.एड. किंवा पदवी आणि बी.एड., अधिक टेटचा दुसरा पेपर. या टप्प्यावर विषय महत्त्वाचा होतो. दुसऱ्या पेपरात गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एक गट निवडावा लागतो. गुजरातच्या टेटमध्ये भाषांचा तिसरा गटही आहे. पदवीचा विषय, बी.एड.मधले अध्यापन पद्धतीचे विषय आणि टेटमधला गट हे तिन्ही एका ओळीत असतील तर नेमणुकीच्या वेळी कुणी बोट ठेवू शकत नाही. बी.ए.ला इतिहास, बी.एड.ला मराठी आणि इतिहास, टेटला सामाजिक शास्त्र, हे जुळलं. बी.कॉम. झालेल्यांनी मात्र इथे थांबून विचार करावा. वाणिज्य हा विषय मुळात अकरावीपासून सुरू होतो, त्यामुळे त्यांना एम.कॉम. आणि बी.एड. करून उच्च माध्यमिकला जाणं जास्त सरळ पडतं.

नववी-दहावीला पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते. गुजरातेत सरकारी आणि अनुदानित माध्यमिक शाळांसाठी टेटऐवजी टाट ही वेगळी परीक्षा आहे. माध्यमिकची वेगळी, उच्च माध्यमिकची वेगळी. २०२३ पासून ती दोन टप्प्यांत होते: आधी पर्यायांची पूर्वपरीक्षा, मग लेखी मुख्य परीक्षा. मुख्य परीक्षेत सलग, मुद्देसूद लिहावं लागतं. नुसत्या गोल रंगवण्याच्या सरावावर ती निघत नाही.

हजीऱ्यातून दिसणारी दारं

चोर्यासी तालुक्यातली तापीच्या मुखाची ही पट्टी क्रिभको, ओएनजीसी, लार्सन अँड टुब्रो, रिलायन्स आणि पूर्वीच्या एस्सारच्या जागी आलेलं आर्सेलरमित्तल निप्पॉन स्टील अशा कारखान्यांनी भरलेली आहे. कंपन्यांच्या वसाहतींमुळे आणि बदलीवर येणाऱ्या कुटुंबांमुळे इथे इंग्रजी माध्यमाच्या, सीबीएसईच्या शाळांची गरज सतत राहते. घराजवळची नोकरी हवी असेल तर पहिलं दार हेच. सीबीएसईच्या संलग्नतेच्या नियमांनुसार शिक्षक एनसीटीईच्या पात्रतेचे असावे लागतात, आणि प्रत्येक शिक्षकाला दर वर्षी ५० तासांचं प्रशिक्षणही पूर्ण करावं लागतं. ‘खासगीत काही लागत नाही’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा. पूर्वप्राथमिकला किंवा मदतनीस म्हणून घेतील, पण पहिलीपासून पुढे वर्ग हातात द्यायचा तर शाळेला तुमची पात्रता दाखवावी लागते. तपासणी आली की ज्यांचे कागद पुरे नाहीत त्यांचीच नोकरी आधी डळमळते.

विनाअनुदानित खासगी शाळांना राज्याची टेट किंवा केंद्राची सीटेट यांपैकी कोणतीही धरण्याची मुभा एनसीटीईच्या मार्गदर्शक सूचनांनी २०११ पासूनच दिली आहे. केंद्रीय विद्यालयांना तर सीटेटच लागते. सुरतेतल्या केंद्रीय विद्यालयांत कायम भरती देशपातळीवर होते. पण कंत्राटी शिक्षकांची यादी शाळा स्वतः मुलाखती घेऊन दर वर्षी करते, आणि त्या सूचना बहुधा नवं वर्ष सुरू होण्याआधी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला शाळेच्या संकेतस्थळावर लागतात. अनुभव मिळवायला ही फार चांगली जागा आहे. म्हणून हजीऱ्यात राहणाऱ्या मराठी उमेदवाराला मी पहिली परीक्षा सीटेटच सुचवेन.

दुसरं दार गावच्या गुजराती शाळांचं. सुवाली, दामका, मोरा, राजगरी अशा गावांतल्या प्राथमिक शाळा गुजराती माध्यमाच्या. गावाची शाळा जिल्हा पंचायतीची आहे की महापालिकेची, हे आधी विचारून घ्या, कारण २०२० मध्ये सुरत महापालिकेची हद्द वाढली आणि काही गावं शहरात आली. इथली कायम भरती विद्यासहायक या नावाने होते. त्यासाठी गांधीनगरच्या राज्य परीक्षा बोर्डाची टेट लागते, आणि निवडीच्या गुणवत्ता यादीत निम्मं वजन टेटच्या गुणांना असतं. ९० गुणांवर पास झालो की बस, हा विचार म्हणूनच तोट्याचा. पास होणं आणि यादीत येणं यांच्यात बरंच अंतर असतं.

तिसरं दार आपल्याला सर्वांत जवळचं आणि लोकांच्या सर्वांत कमी लक्षात येणारं. सुरत महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीशिवाय मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालवते. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खान्देशातून आलेली वस्ती मोठी, तिथल्या मुलांसाठी मराठी शाळा आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेत विद्यासहायकांच्या १३,८५२ जागांची जाहिरात आली, तेव्हा त्यांतल्या १,८५२ जागा गुजरातीव्यतिरिक्त इतर माध्यमांसाठी होत्या. अशी जाहिरात येते तेव्हा ‘परीक्षेचं माध्यम’ आणि ‘भरतीचं माध्यम’ या दोन वेगळ्या गोष्टी असतात, त्या दोन्ही ओळी सावकाश वाचा. आपलं शालेय शिक्षण किंवा डी.एड. मराठीतून झाल्याचा दाखला मूळ शाळेकडून आधीच आणून ठेवा. जाहिरात निघाल्यावर चाळीसगाव नाहीतर शहाद्याला धाव घ्यायची आणि तिकडे नेमकी शाळेला सुट्टी लागलेली असायची, हे टाळता येतं.

पगाराचं स्पष्ट सांगतो. विद्यासहायकाला पहिली पाच वर्षं ठरावीक मानधन मिळतं. ऑक्टोबर २०२३ च्या वाढीनंतर ते महिना २६,००० रुपये झालं. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. ज्ञानसहायक ही वेगळी योजना, २०२३ मध्ये सुरू झालेली. अकरा महिन्यांचा करार आणि प्राथमिकला महिना २१,००० रुपये. ज्ञानसहायक म्हणून लागल्याने कायम नोकरीचा हक्क तयार होत नाही, हे माहीत ठेवूनच ती पत्करावी.

ज्यांना नवापूर किंवा नंदुरबारला परत जायची तयारी आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्राचा रस्ता वेगळा: पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टेट, मग अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम. त्या रस्त्याची एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. तिथल्या २०१९ च्या टेटमध्ये पैसे देऊन गुण वाढवल्याचं उघड झालं आणि परिषदेने सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई केली. सुरतेतही ‘सेटिंग आहे’ म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी बोलूही नका.

सीटेटची तयारी

सीटेटला १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. ९० गुणांना उत्तीर्ण. राखीव प्रवर्गाला ५५ टक्के, म्हणजे ८२. पहिल्या पेपरात बालविकास व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या पाचही भागांना ३०-३० गुण. दुसऱ्या पेपरात बालविकास आणि दोन भाषा तशाच राहतात, उरलेले ६० गुण निवडलेल्या गटाचे. कितीही वेळा देता येते, वयाची वरची मर्यादा नाही, डी.एल.एड. किंवा बी.एड.चं शिक्षण चालू असतानाही बसता येतं, आणि प्रमाणपत्र २०२१ च्या निर्णयानंतर आयुष्यभर चालतं. सात वर्षांची जुनी मुदत संपली म्हणून ज्यांनी २०१३-१४ चं प्रमाणपत्र बाजूला टाकलं असेल त्यांनी ते पुन्हा शोधून काढावं; निर्णय २०११ पासूनच्या प्रमाणपत्रांना लागू आहे.

भाषेच्या यादीत मराठी आणि गुजराती दोन्ही आहेत. मराठी आणि इंग्रजी ही जोडी आपल्याला सोयीची. मराठीच्या ३० गुणांपैकी निम्मे उताऱ्यांवरचे आणि निम्मे भाषा शिकवण्याच्या पद्धतीवरचे असतात, तिथे घरची भाषा कामी येते. मात्र बाकीच्या भागांचे प्रश्न हिंदी आणि इंग्रजीत छापलेले असतात. ज्यांचं सगळं शिक्षण मराठीत झालं त्यांनी परिभाषा हिंदीतून एकदा डोळ्याखालून घालावी. ‘लसावि’ हिंदीत ‘लघुत्तम समापवर्त्य’ म्हणून समोर येतो आणि येत असलेलं गणित तिथे अडतं.

बालविकासात पियाजे, वायगोत्स्की, कोहलबर्ग, सर्वसमावेशक शिक्षण, सततचं मूल्यमापन हे घटक फिरून फिरून येतात. क्लासमध्ये त्यांच्या नावांची आणि टप्प्यांची यादी पाठ करून घेतात; प्रश्न मात्र वर्गातल्या प्रसंगावर येतात. समजा, लिंबायतच्या मराठी शाळेत पहिलीतली मुलगी उभी राहून म्हणाली, “बाई, माले भूक लागनी.” घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी. बाईंनी काय करायचं? ‘नीट बोल’ म्हणून तिला गप्प करायचं, तेच वाक्य पुस्तकी मराठीत दहा वेळा वदवून घ्यायचं, की तिच्या वाक्याला आधी उत्तर द्यायचं आणि मग बोलता बोलता ‘मला भूक लागली’ हे रूप तिच्या कानावर घालायचं? सीटेटला अपेक्षित उत्तर तिसरं असतं, आणि वर्गातही तेच बरोबर आहे. मुलाची घरची भाषा ही चूक नसून पुढच्या शिकण्याचा पाया आहे, हे एकदा मनात बसलं की भाषा-अध्यापनाचे निम्मे प्रश्न वाचतावाचता सुटतात. आपल्याकडच्या उमेदवारांना हा अनुभव पुस्तकातून घ्यावाच लागत नाही. आपण त्यातूनच मोठे झालेलो असतो. तो उत्तरपत्रिकेत वापरायला मात्र शिकावं लागतं.

शिफ्ट, स्वयंपाक आणि मुलांच्या वेळा सांभाळणाऱ्या घरात सलग सहा तास अभ्यास होत नाही. दिवसाला दीड-दोन तास आणि रविवारी घड्याळ लावून एक पूर्ण पेपर, असं चार-पाच महिने चाललं तर पुरतं. एनसीईआरटीची तिसरी ते पाचवीची परिसर अभ्यासाची पुस्तकं पहिल्या पेपरासाठी ओळ न् ओळ वाचावीत. जाडजूड गाईडवर पैसे घालण्याआधी मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवा, त्या मोफत मिळतात.

गुजरातची टेट द्यायची असेल तर दोन गोष्टी वेगळ्या. प्रश्न तितकेच असून वेळ सीटेटहून कमी मिळतो, आणि गुजराती लिपीत झरझर वाचता आलं पाहिजे. इथे वर्षानुवर्षं राहून अस्खलित गुजराती बोलणारे आपले लोक वाचताना अडखळतात, कारण दुकानाच्या पाट्यांपलीकडे वाचलेलं नसतं. उपाय साधा आहे. गुजरात राज्य शाळा पाठ्यपुस्तक मंडळाची पहिलीपासूनची गुजरातीची पुस्तकं क्रमाने वाचायची, आणि जोडीला रोज ‘गुजरातमित्र’चं एक पान. १८६३ पासून सुरतेत निघणारं हे दैनिक वाचता वाचता शहराचीही चांगली ओळख होते. शिवाय २०२३ च्या कायद्याने गुजरातेतल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत, सीबीएसई धरून, पहिली ते आठवी गुजराती सक्तीची झाली आहे. ज्या मराठी मुलांनी सुरतेत गुजराती माध्यमातून शिक्षण घेतलं आणि ज्यांचं इंग्रजीही बरं आहे, त्यांना हजीऱ्याच्या इंग्रजी शाळांत गुजराती विषयाचे शिक्षक म्हणून उभं राहता येईल. आपण मराठी, आपल्याला गुजरातीचा शिक्षक कोण करणार, असा संकोच बाळगण्याचं कारण नाही.

दाखले आणि नावं

सगळ्यांत जास्त अडचण जातीच्या दाखल्याची येते, आणि ती सर्वांत उशिरा कळते. वडिलांचा दाखला एरंडोलचा किंवा शिरपूरचा, मुलगी जन्मली आणि शिकली सुरतेत. तिला वाटतं, दाखला आहे म्हणजे गुजरातेत सवलत मिळेल. मिळत नाही. एका राज्याचा दाखला घेऊन दुसऱ्या राज्यात गेलेल्याला तिथलं आरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात स्पष्ट केलं आहे. गुजरातेत इतर मागास, म्हणजे तिथल्या भाषेत सामाजिक व शैक्षणिक मागास, म्हणून दाखला हवा असेल तर जात गुजरातच्या यादीत असावी लागते आणि कुटुंब १ एप्रिल १९७८ च्या आधीपासून गुजरातेत राहत असल्याचा पुरावा लागतो. आजोबा सत्तरच्या दशकात गिरणीत किंवा मागावर कामाला आले असतील तर त्यांचं रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, मुलांच्या शाळेत दाखल झाल्याची नोंद असं जुनं काही ना काही घरात असू शकतं. ट्रंका उघडून बघा. नसेल, तर गुजरातच्या टेटला खुल्या प्रवर्गाचे ९० गुण हेच आपलं लक्ष्य धरून चाला. केंद्राच्या भरतीत मात्र मूळ राज्याचा, केंद्रीय नमुन्यातला दाखला चालतो. सीटेट आधी द्या म्हणण्याचं हेही एक कारण आहे.

लग्न झालेल्या स्त्रीची जात जन्माने धरतात, म्हणून दाखला माहेरचा लागतो आणि नॉन-क्रीमी लेयरसाठी उत्पन्न आईवडिलांचं पाहतात. सासरच्या उत्पन्नाचा दाखला काढून आणणाऱ्या मुलींचे हेलपाटे यातच होतात.

नावाचंही तसंच. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, डी.एड.च्या गुणपत्रिकेवर मधलं नाव गाळलेलं. अर्ज शक्यतो दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या नावाने भरा आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडीला ठेवा. नाव बदललंच असेल तर राजपत्रातली नोंद सर्वांत भक्कम. पाटील आडनावाच्या लोकांनी तर प्रत्येक कागद हातात पडताच तिथल्या तिथे तपासावा. इंग्रजीत एका अक्षराच्या फरकाने पाटीलचं पटेल होतं, आणि मग तीच व्यक्ती आपण आहोत हे सिद्ध करत बसावं लागतं.

अजून पदविका किंवा बी.एड. झालीच नसेल तर

बारावीनंतर लहान मुलांना शिकवायचं असेल तर डी.एल.एड. सुरत जिल्ह्यात गुजरातीतून करता येईल. मराठीतून करायची तर नंदुरबार, धुळे, जळगाव जवळ. पण महाराष्ट्रात प्रवेशासाठी अधिवासाच्या अटी असतात, त्या आधी पाहा. पदवीधरांसाठी सुरतेत वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाची बी.एड. महाविद्यालयं आहेत, २०१५ पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठातून पदवी घेऊन इथे यायचं तर मायग्रेशन प्रमाणपत्र आणि इथल्या विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र यांची तयारी उन्हाळ्यातच सुरू करा.

महाविद्यालय निवडताना एनसीटीईच्या पश्चिम विभागीय समितीच्या यादीत त्याचं नाव आहे का ते स्वतः पाहा. कार्यालयात लावलेल्या फ्रेमवर विसंबू नका. ‘वर्गाला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या’ असं सांगणाऱ्या ठिकाणी प्रवेश घेऊ नका, फी कितीही कमी असो. नियमाने बी.एड.ला तासांची हजेरी ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपची ९० टक्के लागते, आणि इंटर्नशिप दोन वर्षांत मिळून वीस आठवड्यांची असते. हे वीस आठवडेच शिक्षक घडवतात. चाळीस मुलांसमोर पहिल्यांदा उभं राहिल्यावर आवाज कुठवर पोहोचतो, फळ्यावर लिहिताना पाठीमागे काय चालतं, मागच्या बाकावरचा मुलगा खिडकीतून बाहेर का बघतोय, हे तिथेच कळतं. ते चुकवून मिळवलेली पदवी मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडते.

मुलाखतीचंही त्याच ओघात सांगतो. खासगी शाळा बहुधा नमुना पाठ घ्यायला लावतात. विषय आदल्या दिवशी सांगतात किंवा अर्धा तास आधी. पाठ टाचण एका पानाचं करा, त्यात मुलांना विचारायचे तीन प्रश्न आधीच लिहून ठेवा, आणि वस्तू जवळची वापरा. अपूर्णांक शिकवायचे तर कागदाची पट्टी दुमडून दाखवा. भरती-ओहोटी शिकवायची तर सुवालीचा किनारा मुलांनी पाहिलेला आहे, तिथूनच सुरुवात करा. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत उच्चारांची धास्ती घेऊन घाईघाईने बोलण्यापेक्षा छोटी, स्वच्छ वाक्यं बोला. नेमणूक झाली की नियुक्तिपत्र लेखी मागा, त्यावर इयत्ता, विषय आणि पगार लिहिलेला असू द्या, आणि दर वर्षाअखेर अनुभवाचा दाखला घ्या. शाळेने यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याच्या, नोंदीत आपलं नाव आणि प्रशिक्षण बरोबर भरलं आहे का, तेही विचारा. नव्या शिक्षकाने हे विचारणं उद्धटपणाचं नाही.

शेवटी, जे आधीच पहिली ते आठवीला शिकवत आहेत पण टेट झालेली नाही, त्यांच्यासाठी. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीतल्या शिक्षकांनाही टेट बंधनकारक ठरवली. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीत राहण्यापुरती सूट आहे, बढती हवी तर त्यांनाही परीक्षा आहे. बाकीच्यांना निकालापासून दोन वर्षं दिली. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे. पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाईंना पुन्हा परीक्षेला बसायला लावणं कठोर वाटतं आणि त्यावर वाद चालूच राहील, पण वादाचा निकाल लागेपर्यंत थांबून राहणं परवडणारं नाही. दोन वर्षांत परीक्षा मोजक्याच होतात. पुढची सूचना निघेल तेव्हा पहिल्याच आठवड्यात अर्ज भरा, आणि ज्या तरुण सहकाऱ्याने नुकतीच सीटेट दिली असेल तिला सोबत घेऊन शाळा सुटल्यावर तासभर बसा. गणितात ती तुम्हाला मदत करेल, वर्ग कसा सांभाळायचा ते ती तुमच्याकडून शिकेल.